कॅरियरवरची सोबत

“बाबा, हरिओमदादा एकटा बाहेर जातो तव्हा त्याच्या सोबतीला कोण असतं?”

प्रश्न ऐन जेवणात पडला. तो स्वराच्या मनात बरेच दिवस होता, पण घरात विचारायची तिची छाती नाही, अशी पैज तिच्या मैत्रिणींनी लावली होती. ज्योत्स्ना तर तोंडावर म्हणाली होती, “आमच्यापुढं लई वाघीण बनती. बापापुढं बोलून दाखव.”

स्वरानं बोलून दाखवलं. आईच्या हातातली पळी भाजीतच थांबली. हरिओमदादा मोबाइलमधून मान वर न काढता हसला. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि म्हणाले, “जेव.”

झालं उत्तर.

मी एक जुनी सायकल आहे, मित्रांनो. लेडीज सायकल, जांभळ्या रंगाची, पुढं जाळीची बास्केट असलेली. मला कान नाहीत. पण ज्या घराच्या खिडकीखाली रोज उभं राहावं लागतं, त्या घराचं सगळं कळतं. आणि ‘जेव’ हे उत्तर मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. माझं अर्धं आयुष्य असल्याच उत्तरांनी खाल्लं आहे. ते सांगते.

माझा जन्म कारखान्यात झाला. बाकीच्या सायकली ह्या भागाचं फार वर्णन करतात. भट्टी काय, ठिणग्या काय. मला तो खोटेपणा जमत नाही. पाइप कापले, जोडले, रंग मारला, संपलं. मी खरी सायकल झाले ती जालन्याच्या एका दुकानात, मिस्त्रीनं मला घंटी बसवली तेव्हा. त्याच आठवड्यात तीर्थपुरीकडच्या एका गावातून बद्रीनाथ नावाचे शेतकरी आले. त्यांची मुलगी वंदना आठवीत गेली होती आणि हायस्कूल तीर्थपुरीला होतं. त्यांनी मला बैल पारखावा तसं पुढून, मागून, खालून पाहिलं. मग दुकानदाराला म्हणाले, “समदं बराबर आहे. दात तेवढे दिसून न्हाई राह्यले.”

वंदना मला चालवायची ती अगदी नाकासमोर. खड्डा आला तर त्यानंच बाजूला व्हावं, अशी तिची पद्धत. शाळेत पोरी माझी घंटी वाजवायला रांग लावायच्या. एका सरांनी तर सगळ्या वर्गापुढं माझं नाव घेऊन सांगितलं, की बघा, ही मुलगी कुणाच्या पाठीमागं बसून येत नाही. ते माझे कौतुकाचे दिवस होते. मी तेव्हा चकचकीत होते आणि थोडी गर्विष्ठही होते. अजूनही आहे. का नसावं?

मग एका दुपारी शाळेतून परत येताना माझ्या टायरमध्ये बाभळीचा काटा घुसला. ट्यूब बसली. वंदना मला ढकलत ढकलत निघाली, म्हणून उशीर झाला. तोपर्यंत गावातून ट्रॅक्टर भरून माणसं तिला शोधायला निघाली होती. ती सापडली तेव्हा एका झाडाखाली बसून आरामात चिंचा खात होती. तिला काहीही झालेलं नव्हतं. मित्रांनो, हे नीट ध्यानात ठेवा. काहीही झालेलं नव्हतं. पण ट्रॅक्टरवरचं कुणीतरी म्हणालं, “आज न्हाई झालं. उद्या झालं तर?” आणि त्या सगळ्या शहाण्या डोक्यांनी एकदम मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून वंदना भावासोबत बसनं शाळेत जाऊ लागली आणि मी गोठ्यात गेले. इतकी माणसं जमली होती, पण पंक्चर काढायचं एकालाही सुचलं नाही. काटा माझ्या टायरमध्येच राहिला.

गोठ्यातल्या वर्षांबद्दल मी फार बोलत नाही. माझ्यावर कडब्याच्या पेंढ्या टेकवल्या, युरियाच्या रिकाम्या गोण्या वाळत घातल्या. माझ्या बास्केटमध्ये एक कोंबडी अंडी घालायची, तिच्यामागं तिच्या लेकी-नाती. अंडं घातलं की आख्ख्या गावाला ओरडून सांगायची. एवढंसं काम आणि केवढा तो गाजावाजा. मी रोज हायस्कूल गाठायचे, तेव्हा कधी ओरडले होते का? वंदनाचं लग्न झालं, ती अंबडला गेली, तिला हरिओम झाला, स्वरा झाली. ती माहेरी यायची तेव्हा गोठ्याच्या दारात उभी राहायची. आत कधी आली नाही.

आत आली ती स्वरा. दिवाळीच्या सुटीत मामाकडं आली होती. तिनं आधी कोंबडीला उठवलं, त्यासाठी मी तिची जन्माची ऋणी आहे. मग माझ्यावरची धूळ फुंकली आणि ओरडली, “मामा, ही कोणाची सायकल?”

“तुझ्या आईची.”

“आईला सायकल येते?”

मामानं मला ओढून अंगणात काढलं. सुटी संपली तेव्हा त्यानं मला पिकअपमध्ये घालून अंबडला आणलं. आणखी एक गोष्ट त्यानं भाचीला दिली. त्यानं लग्नाच्या शूटिंगचा धंदा सुरू केला होता आणि तो बुडवलाही होता. त्यातला कॅमेरा आणि तीन पायांचं स्टँड पडून होतं. ते स्वराच्या हातात आलं.

अंबडच्या दुकानात माझा टायर उघडला तेव्हा तो काटा निघाला. काळा पडलेला, पण टोक शाबूत. स्वरानं तो घरी नेऊन आईला दाखवला. आईनं बराच वेळ तळहातावर धरून पाहिला आणि म्हणाली, “टाकून दे.” मग न सांगता चुलीतली राख आणून माझी घंटी घासत बसली.

आता स्वराबद्दल. ती नववीत आहे आणि तिला नुकतंच कळलं आहे की आपला आवाज मोठा निघतो. त्यामुळं तो ती सारखा काढून बघत असते. पण कॅमेरा हातात असला की ही पोरगी बदलते. ती स्वतःचे फोटो काढत नाही. तोंडाचा चंबू करून भिंतीपुढं उभं राहणाऱ्या तिच्या वर्गातल्या पोरी आणि पोरं (हो, पोरंही, केसांना पाणी लावून) माझ्या मते कॅमेऱ्याचा अपमान करतात. स्वरा सकाळ काढते. देवीच्या डोंगरावर ऊन आधी कुठं पडतं, कापसाच्या बोंडावरचं दव किती वेळ टिकतं, ओढ्याच्या पाण्यात आभाळ कोणत्या बाजूनं खरं वाटतं, हे ती थांबून बघते. आणि असं थांबायला एकटंच जावं लागतं. दुसरं माणूस सोबत असलं की ते लगेच विचारतं, झालं का.

बाबांचा नियम होता, गावाच्या पाटीपर्यंत. पाटीच्या आत सुरक्षित, बाहेर धोका. बाबा, म्हणजे कल्याणराव, कोर्टात नोकरीला आहेत, त्यामुळं हद्दींवर त्यांचा फार विश्वास.

तर ह्या सुरक्षित हद्दीतच एका सकाळी दोन पोरं गाडीवरून आमच्या शेजारी आली आणि गाडी हळू केली. त्यांच्याबद्दल जास्त बोलून मी त्यांचा मान वाढवणार नाही. एका पोराला एकट्यानं धीर होत नाही म्हणून दोघं लागतात, एवढं सांगितलं की पुरे. स्वरानं वेग वाढवला नाही. तिनं मला सरळ वळवून पिठाच्या गिरणीच्या अंगणात घातलं, डबे घेऊन बसलेल्या बायकांत जाऊन उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, “मावशी, ते दोघं माझ्या मागं मागं येऊन राह्यले.” बायकांनी नुसतं वळून पाहिलं. गाडी पुढं गेली ती परत दिसली नाही.

ती घाबरली होती. ते मला माहीत आहे, कारण हँडल माझं आहे. मुठी ओल्या झाल्या होत्या. त्या सुकेपर्यंत ती तिथंच थांबली. मला वाटलं, आता ही घरी वळणार. ती पुढं गेली आणि ठरवलेला फोटो काढूनच आली.

त्या दिवसापासून तिनं आपली एक रीत बसवली. निघताना ज्योत्स्नाला फोनवरून ठिकाण पाठवायचं. रस्त्यात कोण कुठं काम करतंय ते आधी बघून ठेवायचं. दिसेल त्याला आपणच आधी राम राम घालायचा. आपल्याकडं एकटी पोरगी दिसली की विचारतातच, “तू कोणाची गं?” त्यांनी विचारायच्या आत आपणच सांगायचं. आणि मन म्हणालं परत फीर, तर उगाच शौर्य न दाखवता परत फिरायचं. घरात हे कुणी शिकवलं नव्हतं. घरात शिकवलं होतं, जाऊ नको.

तिच्या मनात एक फोटो होता. एकदा थंडीत बीडच्या बसमधून जाताना शहागडला गोदावरीवर धुकं होतं. पूल दिसत नव्हता. पाणीही दिसत नव्हतं. नुसते ट्रकचे दिवे हवेतून एकामागं एक चालले होते. बस काही फोटोसाठी थांबत नाही. स्वराला तिथं माझ्यावर बसून जायचं होतं, थंडी संपायच्या आत, आणि तिथं हवं तेवढं थांबायचं होतं. घरात मागितलं तर ‘एकटी नको’ मिळालं, म्हणून तो प्रश्न. म्हणून ते ‘जेव’.

पण प्रश्न बाबांच्या घशात अडकला असावा, कारण दोन दिवसांनी त्यांनी निकाल दिला. “रविवारी कॅनॉलपर्यंत जा. हरिओम सोबत येईल. बराबर झालं तर मंग शहागडचं बघू.”

हरिओमकडं मोटारसायकल आहे. तिचा आवाज त्यानं मुद्दाम वाढवून घेतला आहे. ती कुठंही पोचत नाही, नुसती येतेय एवढं सगळ्यांना कळवते. मला त्या कोंबडीची आठवण झाली.

तर तो रविवार. पुढं मी आणि स्वरा, मागं ती सोबत, गुरगुरत. राम राम घालायची सोय नाही, कारण आमचा राम राम कुणाला ऐकूच जात नव्हता. अंबडच्या बाहेर कालव्याजवळ पोचलो तेव्हा पाण्यावरून वाफ निघत होती आणि कडेला बगळे एका ओळीत बसले होते. पलीकडं मोसंबीच्या बागा. स्वरानं मला पुलाच्या कठड्याला टेकवलं आणि श्वास रोखून स्टँड उघडायला लागली.

“झालं का?” हरिओम म्हणाला.

“आत्ता तर उघडून राह्यले दादा.”

“मंग जल्दी कर ना. काय काढायचं ह्यात? पाणी तर घरी नळाला बी येतं.”

“तू गाडी बंद कर आधी.”

त्यानं गाडी बंद करायच्या आधी हॉर्न वाजवला. लांब, सुरावर. बगळ्यांची आख्खी ओळ उठली आणि निघून गेली.

“उडताना भारी येतात म्हणून मारला,” तो म्हणाला. “काढला का?”

स्वरानं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. माझ्या चेनला तेल नसतं तेव्हा ती माझ्याकडं बघते, तसं.

एवढ्यात बागेतून एक बाई आल्या. पदरात गळालेली मोसंबी होती, पिवळी पडलेली. त्यांचं नाव गोजरबाई, हे नंतर कळलं. त्यांनी कॅमेऱ्याकडं पाहिलं, तीन पायांच्या स्टँडकडं पाहिलं, मागच्या गाडीकडं पाहिलं आणि विचारलं, “पंचनाम्याला आल्या का बाई?”

मित्रांनो, तुम्ही त्या भागातले नसाल तर सांगते. सप्टेंबरच्या पावसात बागांत पाणी साचून मोसंबी गळून गेली होती. सरकारी माणूस येईल, फोटो काढील, नुकसान लिहून घेईल, म्हणून लोक तेव्हापासून वाट बघत होते. कालव्यावर कुणी स्टँड लावून उभं राहिलं तर त्यांनी दुसरं काय समजावं?

स्वरा ‘न्हाई’ म्हणणार तोच हरिओमनं काळा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाला, “हां, मॅडम आल्यात. लाइनीत या.”

“दादा, काय बोलून राह्यला तू?”

“गप ना. मजा बघ.”

मी पुष्कळ विचार केला आहे की त्यानं असं का केलं. मला वाटतं, त्याला कुणी आजवर साहेब समजलं नव्हतं. फुकट मिळत होतं, त्यानं घेतलं.

गोजरबाईंनी शेताकडं तोंड करून हाक दिली. “ओ कचरूआबा, या जल्दी. आले पंचनाम्यावाले.” एका हाकेत माणसं जमायला लागली. कापूस वेचणाऱ्या बायका कमरेची कापसाची ओटी न सोडताच आल्या. कुणी गळालेल्या फळांचं टोपलं आणलं. कुणी चहाची किटली. कचरूआबा म्हणून एक म्हातारे होते, ते आधी घरात गेले आणि धुतलेली टोपी घालून बाहेर आले. बागेतल्या पहिल्या झाडाशेजारी ताठ उभे राहिले, फोटोसाठी. झाडावर एकही फळ नव्हतं.

स्वरानं आबांच्या टोपीकडं पाहिलं आणि ती कठड्यावर चढली. तो मोठा आवाज, ज्याचा घरात सगळ्यांना त्रास होतो, तो तिनं बाहेर काढला.

“मी मॅडम न्हाई. मी अंबडच्या शाळंत नववीत आहे. हा माझा भाऊ आहे, तो खोटं बोलला. मी फक्त इथल्या सकाळचा फोटो काढायला आल्ते.”

आबांनी टोपी काढली आणि हातात धरली. मी लोखंडाची आहे, पण ते मला बघवलं नाही.

गोजरबाई हरिओमपुढं जाऊन उभ्या राहिल्या. “काहून रे? आमची बाग गळून गेली अन् तुला मजा सुचून राह्यली?”

“मावशी, मजाक केला.”

“केला ना? मंग आता मी करते.” त्यांनी गाडीची चावी काढली आणि कमरेला खोचली. “गाडी हितंच राहील. बापाला घिऊन ये.”

दोन-तीन गडी पुढं सरकले. हरिओमचा चष्मा आपोआप खाली आला. “स्वरे,” तो म्हणाला, “सांग ना त्यांना काहीतरी.”

बघा. ही आमची सोबत.

“काय सांगू?” स्वरा म्हणाली. “मी सांगितलं ते खरं आहे.” मग ती आबांकडं गेली. “आबा, टोपी घाला. पंचनाम्याचा न्हाई, पण फोटो काढते. मोठा करून आणून देते.”

आबांनी टोपी झटकली आणि घातली. तिनं फोटो काढला. मग गोजरबाईंनी तो नेहमीचा प्रश्न विचारला, “तू कोणाची गं?”

“तीर्थपुरीकडच्या बद्रीनाथांची नात.”

“अन् झाला का तुझा सकाळचा फोटो?”

“न्हाई. ह्यानं बगळे उडवले.”

“ते काय, परत येऊन बसत्यात. तू ये कधी बी. पर एकटी ये बाई. हे धूड आणू नको.”

बायका हसल्या. हरिओम पायी निघाला आणि थोडं चालून थांबला, कारण चालणं त्याला झेपत नाही. शेवटी तो माझ्या कॅरियरवर बसला. मला माझ्या आयुष्यात एवढं जड काही वाहावं लागलेलं नाही, आणि त्यात निम्मा तर अहंकार होता. स्वरा घामाघूम होऊन पायडल मारत होती. बसस्टँडजवळ आल्यावर त्याच्या मित्रांनी पाहिलं. “हरिओम, नवी गाडी का?” तो मागून पुटपुटला, “स्वरे, तुझा स्कार्फ दे.” एकट्या मुलींनी तोंडाला कपडा बांधून जावं, असं त्याचं मत होतं. तो कपडा त्यानं स्वतःच्या तोंडाला बांधला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

घरी आल्यावर मात्र सोडला. “हिच्यामुळं झालं सगळं,” तो बाबांना म्हणाला. “शंभर माणसं जमा झाल्ती. मी होतो म्हणून वाचली. एकटी असती तर?”

“बाबा, तो खोटं बोलून राह्यला,” स्वरा म्हणाली.

बाबांनी साखळी आणली, माझ्या चाकातून घातली, खिडकीच्या गजाला गुंडाळली आणि कुलूप लावलं. कॅमेऱ्याच्या पिशवीकडंही त्यांचा हात गेला होता, पण ती स्वरानं पोटाशी धरली होती.

दुसऱ्या दिवशी ते गाडी आणायला गेले. परत आले तेव्हा तोंड उतरलेलं होतं. ओट्यावर बसून आईला म्हणाले, “त्या बाईनं समदं सांगितलं. पोरगी बराबर वागली तिथं. चूक हरिओमचीच.”

मी वाट बघत होते. कुलूप आता निघणार.

“मंग काढा कुलूप,” आई म्हणाली.

“राहू दे.”

“काहून?”

“असंच. उगं डोक्याला ताप कशाला?”

माणसं खोटं ऐकून चुकतात, हे मी समजू शकते. पण खरं कळल्यावरही कुलूप तसंच ठेवायचं, ह्याला काय म्हणावं ते माझ्या लोखंडी डोक्याला कळत नाही. हरिओमला दम मिळाला. संध्याकाळी तो गाडी घेऊन बाहेर गेला. एकटा. खोटं त्याचं आणि साखळी मला.

मग मी उभी राहिले. माझ्या हँडलवर ओले कपडे वाळू लागले, त्यात हरिओमची जीन्स. तिच्यातून पाणी गळून माझ्या नव्या चेनला गंज चढायला लागला. सकाळी शाळेला पायी जाताना स्वरा माझ्याकडं बघायची आणि मग आभाळाकडं बघायची. धुकं रोज थोडं पातळ होत होतं. थंडी काही कुणाच्या परवानगीसाठी थांबत नाही. पण एक गोष्ट तिनं सोडली नाही. दर रविवारी ती पंप आणायची आणि कुलुपात असलेल्या माझ्या चाकांत हवा भरायची. गंजावर तेल लावायची. दुकानातल्या मिस्त्रीकडून पंक्चर काढायला शिकून आली आणि जुन्या ट्यूबवर ते आईला करून दाखवलं. आई भांडी घासता घासता बघत होती.

मित्रांनो, ह्या ठिकाणी मला तुम्हाला काही सांगायची रीत आहे, म्हणून सांगते. तुमच्या घरात माझी एखादी बहीण जिन्याखाली पडली असेल. तिला पुसा, हवा भरा, चेनला तेल द्या. आणि मुख्य म्हणजे तिला बाहेर काढा. चालवलेली सायकल झिजते, तिला नवा टायर मिळतो, नवी चेन मिळते. उभी केलेली सायकल सडते. जपून ठेवली, जपून ठेवली असं म्हणत तुम्ही आमच्यावर गोण्या टाकता. असलं जपणं कोंबडीच्या कामाचं.

मग एका सकाळी, हरिओम झोपलेला आणि बाबा आंघोळीला गेलेले असताना, आई बाहेर आली. तिच्या हातात किल्ली होती. तिनं साखळी काढली. माझ्यावरची ओली जीन्स उचलून मोटारसायकलच्या सीटवर फेकली. बास्केटमध्ये पंप आणि पंक्चरचं सामान ठेवलं, पदर खोचला आणि बसली.

गल्लीच्या टोकापर्यंत आम्ही दोघी डगमगलो. ती नवी नव्हती आणि मीही नव्हते, पण मध्ये फार वर्षं गेली होती. बसस्टँडनंतर तिचं हँडल सरळ झालं. तिथून पुढं खड्ड्यांनी आपापलं बघावं, असं झालं. ती वंदनाच होती.

परत आलो तेव्हा बाबा फाटकात उभे होते. गळ्यात टॉवेल, हातात मोबाइल. मागं स्वरा, शाळेच्या ड्रेसमध्ये, एक वेणी घातलेली आणि एक मोकळी. जीन्सखालून गाडी मोकळी करत हरिओम.

“वंदना, कुठं गेल्ती?”

“कॅनॉलवर.”

“एकटी?”

“हां.”

“अन् काही झालं असतं तर?”

आईनं मला भिंतीला टेकवलं. तिला धाप लागली होती. “मला त्या दिवशी बी काही झालं न्हवतं,” ती म्हणाली. “टायरात काटा घुसल्ता. एवढंच झाल्तं.”

कोणता दिवस, ते बाबांना कळलं नाही. स्वराला कळलं. ती आईकडं बघतच राहिली. आईनं बास्केटमधून मोसंबी काढून तिच्या ओंजळीत घातली. “गोजरबाईंनी दिली. झाडावर राहिलेली. तुझे बगळे परत आल्यात, म्हणल्या. अन् कचरूआबा फोटोची वाट बघून राह्यले.”

स्वरानं मोसंबीचा वास घेतला. मग ती माझ्याजवळ आली, माझं मागचं चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं, हवा बराबर होती. मग वळली. आवाज मोठा नव्हता. मी पहिल्यांदाच तिचा तसा आवाज ऐकला.

“आई, बाबा, उद्या रविवार आहे. उजाडलं की मी शहागडला निघून राह्यले. हायवेनं न्हाई, मधल्या गावांच्या रस्त्यानं. एकटी. नदीवर पोचले की फोन करीन, निघताना परत करीन.”

बाबांनी तोंड उघडलं.

“विचारून न्हाई राह्यले बाबा, सांगून राह्यले. आणि मी परत येईपर्यंत दादाला एकट्याला कुठं सोडू नका. त्याच्या सोबतीला कोणीतरी द्या.”